हेग : एका शहराच्या नावाची पत

शहरांची नावे भाषेत शिरतात ती पुष्कळदा आपला भूगोल मागे ठेवून. पैठणच्या नावाने लुगडे ओळखले जाते आणि ते येवल्यात विणले गेले तरी पैठणीच राहते. पानिपत हे हरियाणातील एक शहर. पण मराठी माणूस 'पानिपत झाले' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १७६१ चा पराभव असतो, आणि पुढे तर निवडणुकीतील किंवा परीक्षेतील कोणत्याही दारुण अपयशाला तेच नाव पुरते. जर्मनीतील न्युरेंबर्गच्या वाट्याला परस्परविरोधी अर्थ आले. ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे १९३५ चे कायदे त्या नावाने ओळखले गेले, आणि अवघ्या दहा वर्षांनी त्याच राजवटीच्या म्होरक्यांवर चाललेला खटलाही त्याच नावाने इतिहासात गेला. ही सारी नावे एखाद्या वस्तूने किंवा एखाद्या घटनेने मिळवलेली आहेत.

नेदरलँड्समधील हेग या शहराचे तसे नाही. तेथे कोणतेही मोठे युद्ध निर्णायक ठरले नाही, कोणतीही क्रांती झाली नाही. ते आपल्या देशाची राजधानीसुद्धा नाही. राजधानीचा मान ॲम्स्टरडॅमचा, हेगमध्ये फक्त सरकारचे वास्तव्य. वस्ती जेमतेम साडेपाच लाखांची, म्हणजे नागपूरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. डच भाषेतील त्याच्या जुन्या नावाचा अर्थ 'सरदाराचे कुंपण घातलेले रान' असा काहीसा आहे. असे असूनही 'हेगमध्ये दाद मागू' एवढे म्हटले, की आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ हा अर्थ कोणत्याही वृत्तपत्रवाचकाला सांगावा लागत नाही. हा अर्थ त्या नावाला कसा मिळाला आणि तो किती भरवशाचा आहे, याचा विचार मराठी वाचकाने विशेष अगत्याने करायला हवा. कारण गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या परिसराशी नाते सांगणारे तीन मोठे वाद त्या शहराच्या दारात जाऊन आले आहेत.

हेगची निवड झाली ती त्या शहराच्या थोरवीमुळे नव्हे, तर नेदरलँड्सच्या लहानपणामुळे. १८९९ मध्ये रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकाराने शांतता परिषद भरली. वाढत्या शस्त्रखर्चाचा ताण रशियाच्या खजिन्याला सोसवेनासा झाला होता. परिषदेसाठी बड्या सत्तांपैकी कोणाचीही राजधानी इतरांना रुचली नसती. नेदरलँड्स हे तटस्थ आणि कोणालाही धाक न वाटणारे राष्ट्र होते, आणि त्याच्या गादीवर अठरा वर्षांची राणी विल्हेल्मिना होती. १८ मे १८९९ रोजी सुरू झालेल्या त्या परिषदेस २६ राष्ट्रे हजर होती. शस्त्रकपातीचा मूळ हेतू साधला नाही. परंतु राष्ट्राराष्ट्रांतील तंटे लवादाकडे सोपविण्यासाठी एक कायम व्यवस्था तेथे जन्माला आली. तिच्यासाठी अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १५ लाख डॉलर दिले आणि २८ ऑगस्ट १९१३ रोजी शांतता प्रासादाचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हेगच्या नावाचा आरंभ असा अपुऱ्या यशाचा आहे, हे विसरता कामा नये.

आज 'हेग' या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या संस्था झाकल्या जातात आणि त्यातून बराच गोंधळ माजतो. पहिली १८९९ च्या परिषदेतून निघालेली लवादाची कायम व्यवस्था. तिला न्यायालय म्हणतात खरे, पण वस्तुतः प्रत्येक तंट्यासाठी तेथे वेगळे लवाद मंडळ नेमले जाते. दुसरी संस्था संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. १९२२ पासून चाललेल्या राष्ट्रसंघकालीन न्यायालयाच्या जागी ते १९४६ पासून काम करू लागले. त्यात १५ न्यायाधीश असतात आणि त्याच्यापुढे फक्त राष्ट्रेच पक्षकार म्हणून उभी राहू शकतात. तिसरे २००२ मध्ये अस्तित्वात आलेले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते राष्ट्रांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालविते. भारत या तिसऱ्या न्यायालयाचा सभासद नाही. तेव्हा 'हेगने असे ठरविले' हे वाक्य वाचताच, कोणत्या हेगने, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

सराफाची हुंडी

या तिन्ही संस्थांची एक उणीव मात्र समान आहे. त्यांच्यापाशी सैन्य नाही, पोलीस नाही, जप्तीचे वॉरंट बजावणारा बेलिफ नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यामागे शासनाची सक्ती असते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल न पाळणाऱ्या राष्ट्राविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे जाता येते. पण तेथे पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार आहे. मुळात राष्ट्राने कोणत्या ना कोणत्या स्वरूपात संमती दिल्याशिवाय त्याच्यावर खटलाच चालू शकत नाही. मग अशा न्यायालयाच्या शब्दाला वजन येते कोठून?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा इतवारीतील जुन्या सराफी पेढ्यांच्या व्यवहारात अधिक सुबोधपणे सापडते. हुंडी म्हणजे कागदाचा तुकडा. ती नागपुरात लिहिली गेली आणि मुंबईत किंवा कलकत्त्यात सकारली गेली, ती बहुतेक वेळा कोतवालाच्या धाकाने नव्हे, तर पेढीच्या पतीवर. एक हुंडी न सकारता परत आली, तर त्या रकमेपुरते नुकसान होऊन भागत नसे. पेढीच्या नावाने लिहिलेल्या पुढच्या सगळ्या हुंड्यांचे मोल घटे. उलट, तोट्यातली हुंडीसुद्धा निमूटपणे सकारली, तर पेढीचे नाव वाढे. हेगचे नाव ही अशीच एक पत आहे. ते निकालांच्या विद्वत्तेने मोठे झालेले नाही. हरलेल्या पक्षांनी निकाल पाळल्याने मोठे झाले आहे, आणि बलवानांनी ते धुडकावल्याने वेळोवेळी लहानही झाले आहे. आपल्या परिसराशी निगडित असलेल्या तीन वादांत या पतीचा चढउतार स्पष्ट दिसतो.

१९११ : माणूस नसलेला निवाडा

पहिला वाद विनायक दामोदर सावरकर यांचा. लंडनमध्ये अटक झाल्यावर 'मोरिया' या बोटीने त्यांना हिंदुस्थानात आणले जात होते. ८ जुलै १९१० रोजी सकाळी मार्सेल्स बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि बोटीवर परत नेऊन दिले. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय बंदिवानाला रीतसर प्रत्यार्पणाविना सोपविणे हा फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे, अशी ओरड मादाम कामा यांनी आणि झां लाँगे यांच्यासारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी केली. अखेर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हा तंटा हेगच्या लवादाकडे सोपविला.

पाच जणांच्या त्या मंडळात एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच सदस्य होता. अध्यक्ष होते बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट. ते आणि फ्रेंच सदस्य लुई रनो हे दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला. फ्रेंच शिपायाच्या हातून अनियमितपणा घडला, हे मंडळाने मान्य केले. पण अशा अनियमितपणामुळे ब्रिटनने बंदिवानास फ्रान्सच्या हवाली केलेच पाहिजे असा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नाही, असे म्हटले. निवाडा येण्यापूर्वीच मुंबईत त्यांना दोन जन्मठेपांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या होत्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते अंदमानात पोहोचले.

सावरकरांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या निवाड्यात एक गोष्ट उघड दिसते. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो माणूस त्या खटल्यात पक्षकार नव्हताच. त्याच्या वतीने कोणी उभे नव्हते आणि त्याचे म्हणणे कोणी विचारले नाही. दोन साम्राज्यांच्या प्रतिष्ठेत काय बसते, एवढाच विचार होता. हेगचे नाव त्या दिवशी दोन सरकारांच्या सोयीपुरते होते.

१९६० : सरंजाम शब्दाचा अर्थ

दुसरा वाद दादरा आणि नगर हवेलीचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये निरनिराळ्या संघटनांच्या स्वयंसेवकांनी हा पोर्तुगीज मुलूख मुक्त केला. राजा वाकणकर आणि संगीतकार सुधीर फडके ही त्या लढ्यातील नावे महाराष्ट्राला सुपरिचित आहेत. दमणहून या मुलखाकडे जाणारी पोर्तुगालची वाट भारताने रोखून धरली होती. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सभासदत्व मिळाले, आणि अवघ्या आठवडाभरात, २२ डिसेंबरला, त्याने भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात धाव घेतली.

या खटल्यात पेशवाईतील कागदपत्रे युरोपीय न्यायाधीशांपुढे उलगडली गेली. १७७९ च्या तहाने मराठ्यांनी पोर्तुगिजांना वार्षिक १२,००० रुपयांचा वसूल ज्या गावांतून देण्याचे कबूल केले, ती ही गावे. पोर्तुगालचे म्हणणे असे, की तहाने गावांची मालकीच मिळाली. भारताचे म्हणणे असे, की मिळाला तो केवळ सरंजाम, म्हणजे महसूल उपभोगण्याचा हक्क. राज्य करण्याचा नव्हे. महाराष्ट्रातील कोणत्याही इतिहास-शिक्षकास ठाऊक असलेल्या या भेदावर जगातील नामवंत कायदेपंडितांनी युक्तिवाद केले. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली, आणि भारतातर्फे त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छागला बसले.

१२ एप्रिल १९६० च्या निकालाने दोन्ही पक्षांस थोडेथोडे दिले. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, हे भारताचे म्हणणे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता चालू दिली आणि भारतानेही ती मुकाट्याने स्वीकारली होती, असे ठरविले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने केलेली अडवणूक बेकायदा नव्हती, हे शेवटचे मत नऊ विरुद्ध सहा असे पडले. पुढच्याच वर्षी हा मुलूख रीतसर भारतात विलीन झाला. नव्याने स्वतंत्र झालेले राष्ट्र आपल्याविरुद्ध खेचलेल्या खटल्यात पाच वर्षे कागद मांडत राहिले आणि निकालाची वाट पाहत राहिले, ही घटना त्या काळी लहान नव्हती. हेगच्या पेढीत भारताची ती मोठी ठेव होती.

२०१९ : माणसाचा हक्क

तिसरा वाद ताजा आहे. मराठी कुटुंबातील निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावल्याचे १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाले. त्यांना इराणमधून पळवून नेले, असे भारताचे म्हणणे. बलुचिस्तानात पकडले, असे पाकिस्तानचे. भारताच्या वकिलातीस त्यांची एकदाही भेट मिळाली नव्हती. ८ मे रोजी भारत हेगला गेला आणि अवघ्या दहा दिवसांत न्यायालयाने, अंतिम निकाल होईपर्यंत फाशी देऊ नये, असा आदेश दिला.

या आदेशाला जी ताकद होती ती आयती मिळालेली नव्हती. १९९९ मध्ये वॉल्टर लाग्राँ या जर्मन नागरिकाची फाशी थांबविण्याचा असाच आदेश न्यायालयाने अमेरिकेला दिला होता. ॲरिझोना राज्याने तो जुमानला नाही आणि त्या माणसाचा जीव गेला. पण जर्मनीने खटला सोडला नाही. २००१ च्या निकालात न्यायालयाने प्रथमच स्पष्ट सांगितले, की असे अंतरिम आदेश बंधनकारक असतात, आणि वकिलातीशी संपर्काचा हक्क हा राष्ट्राचा तसाच त्या व्यक्तीचाही हक्क आहे. एका न सकारलेल्या हुंडीच्या दुःखातून हा नियम निघाला आणि सोळा वर्षांनी तो एका मराठी माणसाच्या उपयोगी पडला.

भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपूरचे. त्यांचे शिक्षण याच शहरात झाले आणि कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाची. त्यांनी या खटल्यासाठी एक रुपया मानधन घेतले, हे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले होते. १७ जुलै २०१९ रोजी निकाल आला. पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला. जाधवांना त्यांच्या हक्कांची माहिती द्यावी, वकिलातीची भेट मिळावी. दोषसिद्धी आणि शिक्षा यांचा परिणामकारक फेरविचार व्हावा आणि तोवर फाशी स्थगित राहावी, असे १५ विरुद्ध १ मतांनी ठरले. पण शिक्षा रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही.

त्या दिवशी देशभर आनंद झाला तो स्वाभाविक होता. परंतु 'हेगने सोडविले' अशी जी समजूत अनेकांच्या मनात रुजली ती खरी नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट झाली आणि २०२१ मध्ये पाकिस्तानने फेरविचारासाठी कायदाही केला. म्हणजे हुंडी सकारली गेली, पण सगळी रक्कम हाती आली नाही. तरीही १९११ आणि २०१९ यांच्यातील अंतर मोजण्यासारखे आहे. पहिल्या निवाड्यात बंदिवान हा दोन सरकारांमधील वादाचा विषय होता. दुसऱ्यात तो हक्क असलेला माणूस होता. तो फाशी न जाता जिवंत राहिला, यात त्या शहराच्या नावाचा वाटा आहे.

पत राखणार कोण?

पत वाढते तशी बुडतेही. निकाराग्वाविरुद्धच्या कारवायांबद्दल १९८६ मध्ये न्यायालयाने अमेरिकेस दोषी धरले, तेव्हा अमेरिकेने निकाल मानला नाही आणि सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. दक्षिण चीन समुद्राविषयीचा २०१६ चा लवादनिवाडा चीनने धुडकावला. युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवा, हा १६ मार्च २०२२ चा आदेश रशियाने ऐकला नाही. सुरक्षा परिषदेत कायम बसणारी ही तीन राष्ट्रे. ज्यांनी पेढीचे राखणदार व्हायचे त्यांनीच तिची हुंडी परत पाठवावी, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी व्यथा आहे.

याच काळात भारताने उलट उदाहरण घालून दिले होते. बंगालच्या उपसागरातील सागरी सीमेचा बांगलादेशाशी असलेला वाद ७ जुलै २०१४ रोजी हेगस्थित लवादाने निकालात काढला. वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाकडे गेले. भारताने निवाडा स्वीकारला. एका मोठ्या राष्ट्राने आपल्याहून कितीतरी लहान शेजाऱ्यापुढे तोट्याची हुंडी सकारली. जाधवांच्या खटल्यात भारत मोकळ्या मनाने हेगच्या दारात उभा राहू शकला, त्यामागे ही नैतिक पुंजी नव्हती असे कोण म्हणेल?

मात्र भारताचा हिशेब सरळ जमेचा नाही. पाकिस्तानचे विमान पाडल्यावरून त्याने १९९९ मध्ये दाखल केलेला खटला, राष्ट्रकुलातील देशांशी असलेले तंटे आपल्या संमतीबाहेर आहेत या भारताच्या हरकतीवर २००० मध्ये निकाली निघाला. सिंधू पाणीवाटपाच्या ताज्या वादात हेगमध्ये बसलेले लवाद मंडळ बेकायदा रीतीने नेमले गेले आहे, अशी भारताची भूमिका आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो करारच स्थगित ठेवला आणि त्या मंडळाचा त्यानंतरचा निवाडा नाकारला. या भूमिकांना कायद्याचे आधार आहेत, आणि दहशतवादाने होरपळलेल्या देशाचा संतापही समजण्यासारखा आहे. अर्थशास्त्राचा साधा नियम एवढाच सांगतो, की नकाराला किंमत असते आणि ती खर्चाच्या बाजूला मांडावी लागते. उद्या पुन्हा एखादा भारतीय परक्या तुरुंगात फाशीची वाट पाहत असेल, तर आपल्याला त्याच शहराकडे जावे लागणार आहे. तेथे जाताना आपल्या नावावर किती ठेव शिल्लक आहे, हे पाहिले जाणारच.

हा विचार नागपूरच्या वाचकास परका वाटू नये. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या करारास या शहराचे नाव मिळाले. १९५६ मध्ये राजधानीचा मान गेला, पण विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरेल, विदर्भाला निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा मिळेल, अशी ग्वाही त्या कराराने दिली होती. 'नागपूर करार' हे शब्द आजही विदर्भात उच्चारले जातात ते त्या कागदाच्या भाषासौंदर्यासाठी नव्हे; किती पाळले गेले आणि किती राहिले, याचा हिशेब मागण्यासाठी. एखाद्या शहराचे नाव वचनाला चिकटले, की त्याचा अर्थ कोशकार ठरवीत नाहीत. वचन देणारे ठरवितात. हेगच्या बाबतीत ते वचन देणाऱ्यांत भारतही आहे. म्हणून यापुढे 'हेगचा निकाल' अशी बातमी येईल तेव्हा वर्गात आणि कचेरीत कोण जिंकले याची चर्चा जरूर व्हावी. पण वर्षभराने तो निकाल हरलेल्याने पाळला काय, आणि हरलेले आपण असलो तर आपण पाळला काय, हेही कोणीतरी विचारावे.